हैदराबादची निर्धूर चूल

हैदराबादेतील कुकटपल्लीत आम्ही हिंडलो. उंच इमारतींत घरोघरी गॅस. चूल कोठेच दिसली नाही. तरी याच शहरी डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास मातीची निर्धूर चूल लोकांपुढे ठेवली. तिच्या धुराड्याला पत्र्याची झडप. लाकूड पेटताना ती पूर्ण उघडावी. ज्वाला स्थिरावली की थोडी लोटावी, म्हणजे आच वर निघून न जाता भांड्याला लागते. सरपणाच्या लोभाने अगदीच मिटली, तर धूर उलटून गृहिणीच्या डोळ्यांत! निखारे धगधगत असता मिटणे तर प्राणावर बेतते; त्या विषारी वायूला ना रंग, ना वास. आपल्याकडील पाण्याच्या बंबाचे खालचे तोंड राखेने बुजले, तरी जाळ असाच गुदमरतो.