खोलीतील वही

नोकरी-शिक्षणासाठी शहरात आलेल्या माणसाला पहिला सोबती मिळतो, तो बहुधा खोलीतला. या सोबत्यांना रक्ताचे नाते बांधत नसते. बांधते ते खोलीचे भाडे. म्हणूनच किराणा, गॅस आणि वीज यांची बिले त्यांच्या मैत्रीची खरी कसोटी घेतात.

मुंबईत लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या तिघा तरुणांवर असाच प्रसंग आला. वडिलांच्या आजारपणामुळे त्यांच्यातील एक जण जानेवारीत वीस दिवस गावी होता. परतताच त्याच्यापुढे विजेच्या बिलाचा तिसरा हिस्सा ठेवण्यात आला. "मी नव्हतोच, तर पैसे कशाचे?" त्याने विचारले. "ठरले ते ठरले," दुसरा म्हणाला. शब्दाने शब्द वाढला. साखरेचे डबे वेगळे झाले, चहाही वेगळा झाला.

वास्तविक दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते. विजेच्या बिलातील स्थिर आकार घराला कुलूप असले तरी भरावाच लागतो. वापराचा आकार मात्र युनिटांवर ठरतो. १,००० वॉटचा पाणी तापवण्याचा रॉड तासभर चालला, की एक युनिट खर्च होते. वापर १०० युनिटांपलीकडे गेला, की पुढच्या युनिटांचा दरही वाढतो.

शेजारी एक निवृत्त गिरणी कामगार राहत. भांडण कानी पडल्यावर ते म्हणाले, "आमच्या गावकीच्या खोलीत वीस जण होतो. एक पाळीला गेला, की त्याच्या जागी दुसरा निजे. वही एकच, आणि ती सर्वांसमोर उघडायची. बदली कामगाराला रोज काम मिळत नसे. त्याचा वाटा आम्ही लिहून ठेवायचो. मागायचो मात्र काम लागल्यावर." १९८२च्या संपानंतर ती खोली पांगली. वही मात्र त्यांनी जपून ठेवली होती.

त्या रात्री तिघांनी नवी वही उघडली. १५० रुपयांचा स्थिर आकार समान वाटला. प्रत्येकी ५० रुपये. वापराचे १,४६० रुपये राहण्याच्या दिवसांवर वाटले. दोघांचे ३१-३१ आणि तिसऱ्याचे ११, असे ७३ दिवस झाले; म्हणजे दिवसाला २० रुपये. गावाहून आलेल्याच्या वाट्याला एकूण २७० रुपये आले.

तो गप्प बसला. दवाखान्याच्या खर्चानंतर त्याच्याजवळ तेवढेही उरले नव्हते. "ठरले ते ठरले" म्हणणाऱ्यानेच त्याच्या नावापुढे आकडा लिहिला आणि वही मिटली. "पगार झाल्यावर बघू," एवढेच तो म्हणाला.

हिशेब चोख असला, म्हणजे उदार होणेही सोपे जाते. कारण कोणी कोणासाठी काय केले, हे कोणापासूनच लपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्हवर तिघांचा चहा एकाच पातेल्यात उकळत होता.