डेम्पोची दुबार पेरणी

मराठी पेपरांच्या क्रीडा पानावर 'सीझन'ला हंगाम म्हणतात. प्रीमियर लीगचा हंगाम, आयपीएलचा हंगाम वगैरे. पुण्या-मुंबईच्या मित्रांना त्यात काही विशेष वाटत नाही. पण मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याजवळच्या एका गावचा. आमच्याकडे हंगाम म्हणजे एकच, खरिपाचा. कोरडवाहू जमीन, कापूस, सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. मृगाचा पाऊस पडला की पेरायचं. मग पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली की उगवलेलं सगळं माना टाकतं, आणि येते दुबार पेरणी. पुन्हा बियाण्याच्या बॅगा, पुन्हा मजुरी, पुन्हा उसनवारी. बाबांना एकदा विचारलं होतं की पुन्हा पेरायची हिंमत होते कशी? ते म्हणाले, "मंग का करतं? वावर पडीक ठेवतं का?"

हे सगळं आठवायचं कारण फुटबॉल. हसू नका, सांगतो.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये दर हंगामात तळाचे तीन क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जातात. यालाच रेलिगेशन म्हणतात. आपल्या क्रिकेटवेड्या डोक्याला ही भानगड लवकर पचत नाही, कारण आयपीएलमध्ये शेवटचा आला तरी संघ पुढच्या वर्षी हजर! तिथे तसं नाही. टीव्हीचा पैसा आटतो, मोठे खेळाडू निघून जातात, आणि काल मँचेस्टर युनायटेडशी खेळणारा क्लब उद्या नाव न ऐकलेल्या गावात खेळायला जातो. पडणाऱ्यांना आधार म्हणून काही वर्षं 'पॅराशूट पेमेंट' मिळतं, पण पडणं ते पडणंच.

मला नेहमी त्यानंतरचा हंगाम जास्त भारी वाटतो. २००९ च्या मे महिन्यात न्यूकॅसल युनायटेड खाली गेला. मालक माईक अ‍ॅशलीने क्लब विकायला काढला होता. मायकेल ओवेनसारखी नावं निघून गेली. ख्रिस ह्यूटनकडे आधी तात्पुरतं आणि मग कायमचं कोचपद आलं. केविन नोलन, कोलोचिनी, तरुण अँडी कॅरोल अशी मंडळी राहिली. आणि या टीमने काय केलं, तर १०२ पॉइंट मिळवून चॅम्पियनशिप जिंकली. घरच्या मैदानावर अख्ख्या हंगामात एकही हार नाही. दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये असूनही सरासरी ४३ हजारांवर प्रेक्षक! सगळ्यांचं असं होत नाही म्हणा. लीड्स २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल खेळला, २००४ मध्ये खाली गेला, २००७ मध्ये आणखी एक पायरी खाली, आणि वर यायला २०२० उजाडलं. सोळा वर्षं लागली, पण आला.

आता मुद्द्याची गोष्ट. असाच एक हंगाम आपल्या शेजारी, गोव्यात होऊन गेला. माझ्या ऑफिसातले न्यूकॅसलची जर्सी घालून फिरणारेही तो सांगू शकत नाहीत.

डेम्पो स्पोर्ट्स क्लब. २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच वेळा देशाचा विजेता, दोनदा नॅशनल फुटबॉल लीग आणि तीनदा आय-लीग. आर्मांदो कुलासो कोच. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही घरची पोरं. पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ज्याने २०११-१२ च्या हंगामात एकट्याने ३२ गोल ठोकले. २००८ मध्ये हा क्लब एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत गेला होता. भारतीय फुटबॉलमध्ये याहून मोठं काय असतं?

२०१४-१५ च्या आय-लीगमध्ये अकरा संघ होते, त्यातले दोन पुण्याचे: पुणे एफसी आणि नवाकोरा भारत एफसी. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला, नुकताच पुण्यात आलेलो. होस्टेलवर म्हापशाचा एक रूममेट होता. त्याच्यासोबत मी बालेवाडीला डेम्पोची मॅच पाहायला गेलो. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये तुरळक माणसं, आणि त्यात हा पठ्ठ्या एकटा कोकणीत ओरडतोय.

त्या हंगामाच्या शेवटी टेबलच्या तळाला भारत एफसी होता आणि त्याच्या एक पायरी वर डेम्पो. पण भारत एफसीला थेट प्रवेश दिलेला असल्याने रेलिगेशनपासून संरक्षण होतं. त्यामुळे खाली गेला डेम्पो! पाच वेळचा विजेता. गंमत पुढेच आहे. ज्याला वाचवलं तो भारत एफसी त्याच वर्षी बंद पडला. पुणे एफसीनेही तेव्हाच गाशा गुंडाळला. म्हणजे ज्यांना वरच्या लीगमध्ये खेळायचा हक्क होता ते मैदान सोडून गेले, आणि ज्याला ढकललं तो बूट बांधून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये उतरला.

हीच ती दुबार पेरणी. २०१५-१६ च्या सेकंड डिव्हिजन लीगमध्ये डेम्पो खेळला. ना प्राइम टाइम, ना मोठी नावं, ना पॅराशूट पेमेंट. आणि डेम्पोने ती लीग जिंकली. मिनर्वा अकादमी दुसरी आली. एका वर्षात परत वर, न्यूकॅसलसारखंच.

रूममेटने त्या दिवशी सगळ्या विंगला मिसळ खाऊ घातली. मिसळ कुणाच्या नावाने हे कुणालाच माहीत नव्हतं, पण फुकटची मिसळ कोण सोडतो!

आणि मग पीक आलं तेव्हा बाजारच उठला.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली होती. फ्रँचायझींची लीग, खाली जाण्याची भानगड नाही. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाने नवा आराखडा मांडला: वर आयएसएल, तिच्याखाली लीग वन, लीग टू. आयएसएलमधून कुणी खाली येणार नाही, आणि जिंकून कुणी वर जाणार नाही. म्हणजे डेम्पो जी पायरी वर्षभर घाम गाळून चढला, तीच दुसऱ्या नंबरची होणार. त्यावर साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली, आणि डेम्पोनेही. कमावलेली जागा रिकामी राहिली. यात सगळेच गरीब बिचारे होते असं मी म्हणणार नाही. डेम्पो आणि साळगांवकर या घराण्यांची माणसं एफसी गोवाच्या मूळ मालकांतही होती. पण सेकंड डिव्हिजनमध्ये जे अकरा जण धावले, त्यांच्याकडे कुठल्या फ्रँचायझीचे शेअर्स नव्हते.

आपल्या आयटीवाल्यांना हे पटकन कळेल. माझ्या एका जुन्या कंपनीत आम्ही चौघांनी दीड वर्ष खपून एक प्रॉडक्ट लाइव्ह केलं. तिसऱ्या आठवड्यात वरून मेल आला, 'स्ट्रॅटेजी बदलली आहे.' आमचं काम वाईट असतं तर दुःख कमी झालं असतं. हरण्याचा हिशोब लावता येतो. जिंकल्यावर खेळच रद्द झाला तर हिशोब कुणाकडे मागायचा?

म्हणून मला वाटतं, रेलिगेशन ही क्रूर गोष्ट नाही. क्रूर गोष्ट म्हणजे शिडी नसणं. खाली जायची भीती आणि वर यायची आशा हे एकाच शिडीचे दोन दांडे आहेत. एक काढला तर दुसराही निखळतो. न्यूकॅसलच्या त्या ४३ हजार लोकांना माहीत होतं की हा हंगाम जिंकला तर पुढचा वरच आहे, त्याला कुणी हात लावणार नाही. तेवढ्या भरवशावर माणूस वर्षभर दुसऱ्या दर्जाचं फुटबॉल पैसे मोजून बघतो.

शिडी किती कामाची असते त्याचा पुरावाही याच गोष्टीत आहे. डेम्पोच्या मागे दुसरी आलेली मिनर्वा आठवते ना? तिला पुढे आय-लीगमध्ये थेट जागा मिळाली आणि २०१७-१८ मध्ये ती चक्क विजेती ठरली. मग तो क्लब राउंडग्लासने घेतला. दरम्यान महासंघाला आय-लीग विजेत्यासाठी वरचं दार उघडावं लागलं होतं, आणि २०२३ मध्ये त्या दारातून पहिल्यांदा आत गेला तो हाच क्लब, पंजाब एफसी या नावाने. २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग गेला.

आणि डेम्पो? गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला. पोरं तयार करत राहिला. २०२३-२४ मध्ये पुन्हा खालच्या डिव्हिजनमध्ये उतरला, दुसरा आला, आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परत दिसला. २०१६ ला कमावलेली जागा मिळायला आठ वर्षं गेली. लीड्सच्या निम्मी, म्हणून समाधान मानायचं.

म्हापशाचा रूममेट हल्ली दुबईत असतो. डेम्पो वर आल्याचं मी त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "ह्या वेळी शिडी मोजून ठेव."

असो. फार गंभीर झालं. वीकएंडला रात्री जागून इंग्लंडची मॅच बघा, मीही बघतो. पण टेबलच्या वरच्या टोकाइतकंच खालच्या टोकाकडेही लक्ष ठेवा. आणि कधी गोव्याला गेलात तर बीचवरून एक संध्याकाळ वाचवून एखादी लोकल मॅच बघून या. तिथं ओरडणारं कुणीतरी हवंच असतं.