सॉमरलेडच्या मुलखात

ग्लासगोच्या विमानतळावर उतरलेला प्रवासी एक तर तडक शहर गाठतो, नाहीतर हायलँड्सच्या डोंगरांची वाट धरतो. विमानतळापासून हाकेच्या अंतरावर क्लाइड नदीकाठी रेनफ्रू नावाचं गाव आहे, तिकडे सहसा कुणी वळत नाही. मला मात्र सुरुवात तिथूनच करायची होती. मॅकडोनल्ड या स्कॉटलंडच्या बलाढ्य घराण्याचा मूळ पुरुष सॉमरलेड ११६४ साली याच परिसरात पडला.

त्या वर्षी तो क्लाइडच्या मुखातून आत शिरला तेव्हा त्याच्या ताफ्यात १६० गलबतं होती, असं मॅन बेटाचं इतिवृत्त सांगतं. स्कॉटलंडच्या गादीवर तेव्हा चौथा माल्कम हा तरुण राजा होता आणि रेनफ्रू हे त्याचा कारभारी वॉल्टर फिट्झअ‍ॅलन याच्या जहागिरीचं ठाणं होतं. सॉमरलेड लढाईच्या तोंडालाच कोसळला, त्याचा एक मुलगाही मारला गेला आणि उरलेला ताफा माघारी फिरला. ग्लासगोच्या विल्यम नावाच्या धर्माधिकाऱ्याने या विजयावर लॅटिनमध्ये काव्य रचलं. एका पाद्र्याने सॉमरलेडचं शिर कापून बिशपच्या हाती दिलं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे या लढाईची हकिगत आपल्यापर्यंत पोचली ती त्याच्या शत्रूंच्या लेखणीतून. त्याची बाजू समजून घ्यायची तर पश्चिमेला समुद्राकडे जायला हवं.

लॉख लोमंडच्या काठाने, इनव्हररे ओलांडून रस्ता टार्बर्टला येतो. इथे किन्टायरचा लांबलचक भूभाग जेमतेम दीडेक किलोमीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्टीने मुख्य भूमीला जोडला आहे. १०९८ साली स्कॉटलंडच्या राजाने नॉर्वेच्या मॅग्नस राजाला कबुली दिली, की पश्चिमेच्या ज्या ज्या भूमीला सुकाणू लावलेलं जहाज वळसा घालू शकेल, ती तुझी. मॅग्नसने टार्बर्टच्या या पट्टीवरून आपलं जहाज माणसांकरवी ओढून नेलं, स्वतः सुकाणू धरून बसला आणि किन्टायर हे बेटच आहे असं ठरवून टाकलं. नॉर्स सागांमधली ही कथा. आज गाडी तेवढं अंतर दोन-तीन मिनिटांत कापते, पण सॉमरलेडचा जन्म कसल्या जगात झाला ते इथे लख्ख कळतं. या किनाऱ्यावर सत्ता गलबतांच्या हिशेबात मोजली जात होती.

त्याच्या वडिलांचं नाव गिलेब्रिग्टे, आजोबांचं गिलेअ‍ॅडमनन. दोन्ही नावं अस्सल गेलिक, ख्रिस्ती संतांची आठवण ठेवणारी. त्याचं स्वतःचं नाव मात्र नॉर्स. घराण्याच्या जुन्या वंशावळी त्याला आयर्लंडच्या राजकुळाशी जोडतात, तर मॅकडोनल्ड प्रमुखांच्या अलीकडच्या जनुकीय चाचण्यांतून पितृवंश स्कँडिनेव्हियाकडचा असावा असं दिसतं. दोन्ही बाजूंना आपापला सॉमरलेड हवा असतो. मला वाटतं, त्याचं मोठेपण या सरमिसळीतच आहे. भाषा गेलिक, नौकाविद्या नॉर्स, आणि बायको रॅग्नहिल्ड ही मॅन आणि हेब्रिडीज बेटांचा राजा ओलाफ याची मुलगी.

११५३ साली ओलाफचा खून झाला आणि मुलगा गॉड्रेड गादीवर आला. त्याच्या जाचाला कंटाळलेल्या बेटांवरच्या एका सरदाराने सॉमरलेडकडे येऊन त्याचा मुलगा डूगल याला राजा करण्यासाठी मागितलं. डूगल ओलाफचा नातू होता, तेव्हा त्याचा हक्क आईकडून येत होता. जानेवारी ११५६मध्ये रात्रीच्या वेळी मेहुणे समुद्रात भिडले. निकाल कुणाच्याच बाजूने स्पष्ट लागला नाही आणि राज्याची वाटणी झाली. दोन वर्षांनी सॉमरलेड ५३ गलबतं घेऊन मॅनवर चालून गेला आणि गॉड्रेडला नॉर्वेला पळावं लागलं.

किन्टायरच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अरुंद रस्त्याने सॅडल मठाचे अवशेष गाठता येतात. हा सिस्टर्शियन मठ सॉमरलेडने सुरू केला की त्याचा मुलगा रॅनल्डने, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सॉमरलेडचं दफन इथेच झालं असं परंपरा मानते. आता भिंतींचे थोडे तुकडे तेवढे उभे आहेत. रॅनल्डने आयोना बेटावर बेनेडिक्टाइन मठ आणि जोगिणींचा मठही स्थापन केला, आणि जोगिणींच्या मठाची पहिली प्रमुख त्याची बहीण बेथॉक होती. तलवारीने मिळवलेला मुलूख धर्मसंस्थेच्या आधाराने टिकवायचा, हे या घराण्याने लवकर ओळखलं होतं.

बापामागे मुलखाच्या वाटण्या झाल्या आणि वाटण्यांमागून भाऊबंदकी आली. डूगलपासून मॅकडूगल निघाले. रॅनल्डच्या एका मुलापासून मॅकरुअरी, तर दुसऱ्या मुलापासून, डोनल्डपासून, मॅकडोनल्ड. सॉमरलेडने उभारलेल्या सत्तेचा सर्वांत मोठा वाटा पुढे या नातवाच्या वंशजांकडे आला आणि घराण्याला नावही त्याचंच मिळालं.

केनाक्रेगहून आयला बेटाला जाणारी बोट दोनेक तास घेते. पोर्ट आस्केगच्या वाटेवर उजव्या हाताला ज्युरा बेटाचे उघडेबोडके डोंगर सोबत करतात. आयलाला बहुतेक लोक व्हिस्कीच्या भट्ट्या पाहायला येतात. मी फिनलॅगनच्या तळ्याकडे निघालो. ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ म्हणवून घेणाऱ्या मॅकडोनल्ड प्रमुखांची ही राजधानी. लव्हाळ्याच्या दाटीतून गेलेल्या लाकडी पुलावरून आयलन मोर या मोठ्या बेटावर पोचलो. पडकं प्रार्थनाघर, दिवाणखान्याच्या जोत्याचे दगड आणि काचेखाली जपलेले कोरीव थडग्यांचे दगड. एका दगडावर जाड, शिवणीचा अंगरखा घातलेला योद्धा आहे आणि त्याच्या खाली एक गलबत. घोडा नाही, किल्ला नाही. या माणसांना आपली ओळख दगडावर कोरून ठेवायची होती, तेव्हा त्यांनी गलबत निवडलं.

पलीकडचं छोटं बेट म्हणजे मंडळाचं बेट. तिथे चौदा जणांचं मंडळ बसून निवाडे करत असे. नवा प्रमुख पांढरा झगा घालून, दगडातल्या पाऊलखुणेत पाय ठेवून, पूर्वजांच्या वाटेने चालण्याची शपथ घेई. त्याच्या हाती पांढरी काठी आणि तलवार दिली जाई. तटबंदी नसलेली ही राजधानी पाहताना मला या घराण्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटला.

१४९३मध्ये राजा चौथा जेम्स याच्या काळात ही सत्ता जप्त झाली. जेम्स स्ट्युअर्ट घराण्यातला, आणि स्ट्युअर्ट हे रेनफ्रूच्या त्या वॉल्टर फिट्झअ‍ॅलनचे वंशज. ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ हा किताब आज ब्रिटनच्या राजगादीच्या वारसाकडे, म्हणजे प्रिन्स विल्यमकडे आहे.

स्कॉटलंडला जाणारे आपले लोक एडिंबराचा किल्ला आणि लॉख नेस पाहून परततात. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, दोन दिवस वाढवा आणि आयलाला जा. चौकडीचे किल्ट घालून मिरवणाऱ्या घराण्यांची चित्रं दुकानांत कुठेही मिळतील. मॅकडोनल्ड घराणं कशावर उभं राहिलं, हे पाहायचं असेल तर फिनलॅगनलाच जायला हवं.