घर विकायला काढलं

मंद्रूपचं घर विकायचं ठरलं. वडिलांनी गिरणीच्या पगारातून बांधलेलं. आम्ही भाऊ पोटासाठी सोलापुरात, आई आमच्याजवळ. बंद घराला वाळवी लागायला कितीसा वेळ! माळवदावर माती टाकली, भिंतींना चुना दिला, थकलेली घरपट्टी भरली. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढला, तर नाव अजून वडिलांचंच. आधी वारसनोंद करणं आलं.

एक जाणते म्हणाले, "बहिणींना साडीचोळी करा, हक्कसोडपत्रावर सह्या घ्या."

आई तिथंच बोलली, "या भिंती माझ्या लेकींनी लिंपल्यात. सही घ्याल तर वाटा देऊन."

कायदाही हेच सांगतो. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलांनी स्वकष्टानं केलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, मुलगे, मुली सगळ्यांचा हिस्सा सारखा. हिंदू कोड बिल रखडलं, हे १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडण्याचं एक मोठं कारण. जयंतीच्या भाषणात हे आपण दरवर्षी ऐकतो. उताऱ्यावर बहिणीचं नाव किती घरांत सापडेल?

खरेदीखतावर आईसकट आम्हां पाचजणांच्या सह्या झाल्या. बाहेर पडताना आक्का हळूच म्हणाली, "वाटा घेतला म्हणून जयंतीला बोलवायचं सोडू नका रे."