वसईचा किल्ला व नागपूरकरांचा समुद्र

अमरकोशांतील समुद्राचीं नांवें आम्हीं इतवारीच्या मुलांकडून वर्षानुवर्षें घोकून घेतलीं; प्रत्यक्ष समुद्र पाहिला तो मात्र साठीनंतर. चिरंजिवांकडे मुंबईस गेलों असतां नातवासह एक दिवस वसईच्या किल्ल्यांत घालविला. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहाकडून हें बंदर पोर्तुगीजांकडे गेलें आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं तें घेतलें. छपरें गेलेल्या प्रार्थनामंदिरांच्या उंच भिंती व पायांखालीं थडग्यांचे दगड पाहून वर्गांतला आमचा आवेश जरा निवला. येथील एक घंटा नाशिकास नारोशंकराच्या देवळावर आहे, असें सांगतांच नातवानें विचारलें, “आजोबा, मग ती आपली कीं त्यांची?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

आमचें चित्त ३१ डिसेंबर १८०२ च्या तहांत गुंतलें होतें. येथेंच दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. त्यांतून युद्ध पेटलें आणि वर्षाच्या आंतच देवगांवच्या तहानें रघूजी भोसल्यांस बालेश्वर बंदरासह कटक प्रांत सोडावा लागला. नागपूरकरांचा समुद्र काय तो तेवढाच! हें नातवास समजावून सांगावें म्हणून वळलों, तों स्वारी होड्या पाहावयास धक्क्याकडे पळाली होती.