नांगरामागे चालणारे

मराठीत नेतृत्वासाठी जे शब्द आपण सर्रास वापरतो, त्यांत पुढे असण्याला मोठे महत्त्व आहे. पुढारी म्हणजे पुढे असलेला. अग्रणी आणि अग्रेसर हे शब्दही त्याच दिशेला बोट दाखवतात. 'नेता' या शब्दात नेणे आहे, आणि नेणारा पुढे चालतो अशी आपली समजूत असते. शेतात मात्र नांगर धरणारा माणूस मागे असतो. पुढे बैल, मध्ये नांगर आणि सर्वांत मागे तो. कारण मागे राहिल्याशिवाय बैलांची चाल, फाळाची खोली आणि तासाचा सरळपणा या तिन्हींवर त्याला एकाच वेळी नजर ठेवता येत नाही.

हा अर्थ आमच्या मनात रुजला तो २००३ च्या उन्हाळ्यात. तेव्हा आम्ही दोघी नागपुरात मराठीच्या एम.ए.ला होतो आणि पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती. आमच्यापैकी एकीचे घर यवतमाळ जिल्ह्यातले, कापूस-तुरीचे. दुसरी पुण्याच्या पेठेत वाढलेली आणि वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला आलेली. या लेखातले 'आम्ही' त्यामुळे नेहमीच एकजीव असेल असे नाही. त्याला मधूनमधून सांधा दिसेल.

चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यात सोमनाथ येथे दरवर्षी १५ ते २२ मे या काळात श्रमसंस्कार छावणी भरत असे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, आणि पुढे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सोमनाथचा शेतीप्रकल्प सुरू झाला. तेथे श्रमिक विद्यापीठ व्हावे, हातांनी शिकणारी तरुण पिढी तयार व्हावी, असे त्यांचे स्वप्न होते. विद्यापीठ त्या रूपात झाले नाही. छावणी मात्र राहिली. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसे जिथे धान पिकवतात, तिथे शहरांतून आणि गावांतून आलेली मुले-मुली आठ दिवस कुदळ-फावडे घेऊन उतरतात, ही कल्पनाच आम्हांला त्या वयात विलक्षण वाटली होती. १९८५-८६ मध्ये तरुणांनी बाबांबरोबर कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत केलेल्या सायकलयात्रेच्या कथा आम्ही ऐकलेल्या होत्या. आपल्यालाही काही मोठे करायचे आहे, एवढेच मनात होते. त्या मोठेपणाला अद्याप आकार नव्हता.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, म्हणून काम पहाटे सुरू होई. माती खणायची, घमेली भरायची आणि माणसांच्या साखळीतून ती बांधापर्यंत पोहोचवायची. या साखळीत एक गोष्ट लवकर ध्यानात येते. सर्वांत जोमदार माणसाच्या वेगाने साखळी चालत नाही. सर्वांत दमलेल्या माणसापाशी घमेली साचतात आणि त्याच्या पुढची माणसे रिकामी उभी राहतात. आमच्या गटाची प्रमुख म्हणून यवतमाळची आमच्यातली निवडली गेली. भाषणात तिची कधीच चमक नव्हती. तिने कुदळ कशी धरली आहे ते पाहूनच गटाने तिचे नाव घेतले. पहिल्याच सकाळी तिने साखळीची जागा बदलली: दमलेल्यांच्या दोन्ही बाजूंना दमदार माणसे उभी केली, आणि अंतर एक हाताने कमी केले. कोणालाही काही सुनावले नाही. त्या दिवशी बांध जास्त झाला. पुण्याची आमच्यातली, जिला वक्तृत्वस्पर्धेच्या तीन ढाली मिळालेल्या होत्या, ती संध्याकाळी बराच वेळ गप्प होती.

तेथल्या एका वयस्कर रहिवाशाने आम्हांला दगड रचायला शिकवले. रोग केव्हाच बरा झाला होता, परंतु बोटांची संवेदना परत आलेली नव्हती. कुष्ठरोगात नसांना इजा झाली की चटका, काटा किंवा काप यांची वेदना कळत नाही. हाताला जखम झाली आहे हे डोळ्यांनी पाहूनच समजते. ते गृहस्थ दर थोड्या वेळाने काम थांबवून आपले तळवे उलटसुलट करून पाहत. आम्हांला आधी वाटले, की दमले असतील. मग त्यांनीच सहजपणे कारण सांगितले आणि पुन्हा दगड उचलला. ज्या वेदनेला आपण शाप म्हणतो ती एक राखणदार असते, आणि ती गेली की माणसाला स्वतःची राखण नजरेने करावी लागते, हे आम्ही त्या तळव्यांकडे बघून समजलो. 'देखरेख' या शब्दात देखणे आधी येते. जिथे स्वतःला कळ येत नाही, त्या जागी लक्ष ठेवणे. पुढाकाराची याहून चांगली व्याख्या आम्हांला पुढच्या वीस-बावीस वर्षांत सापडलेली नाही.

छावणी २२ तारखेला संपली. घरी परतण्याऐवजी आम्ही गटातल्या एका मैत्रिणीबरोबर तिच्या गावी, नागभीड तालुक्यात गेलो, आणि आठवडाभरासाठी म्हणून गेलेल्या आम्ही पाऊस येईपर्यंत राहिलो. झाडीपट्टीचा हा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत अशी हजारो जुनी तळी आहेत. त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि बोलण्यात त्यांचे 'मामा तलाव' होते. त्यांतली कित्येक बांधण्यात कोहळी समाजाच्या पिढ्यांचे कसब होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढण्याची, पाळ दुरुस्त ठेवण्याची जुनी गावव्यवस्था अनेक ठिकाणी सैल पडली. मैत्रिणीच्या वडिलांनी आम्हांला पाळीवरून हिंडवले. कोणत्या बांधीला पाणी आधी, कोणत्या बांधीला मागून, हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांच्या मते धान पेरणे फारसे अवघड नाही. पाणी वाटणे अवघड, कारण शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचले नाही तर गावात भांडण पोहोचते.

मराठीच्या विद्यार्थिनी म्हणून आमचे खरे शिक्षण या पाळीवर झाले. शेतात उभे असते ते धान, ताटात येतो तो भात. बांध घातलेले शेत ती बांधी, लहान तळे ती बोडी. रोप तयार करण्यासाठी टाकतात ते परे, ते उपटून चिखलात लावतात तो रोवणा, आणि लावणीशिवाय सरळ पेरतात ते आवत्या. यवतमाळच्या आमच्यातलीलाही हे शब्द नवे होते. तिच्या घरी पऱ्हाटी, सरकी, डवरणी, वखरणी यांचे राज्य. एकाच विदर्भात, काही तासांच्या अंतरावर, शेतीची भाषा इतकी बदलते. मग 'ग्रामीण बोली' या एका नावाखाली आपण अभ्यासक्रमात नेमके काय शिकतो, हा प्रश्न तेव्हा मनात आला आणि आजतागायत गेलेला नाही.

त्या घरात जेवायला बारीक, सुवासिक, गोड भात असे. तांदळाचे नाव विचारले तर उत्तर मिळाले, एचएमटी. घड्याळाचे नाव तांदळाला कसे, याचे सर्वांना कौतुक होते. ते वाण ज्यांनी शोधले ते दादाजी रामाजी खोब्रागडे याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. तिसरीपर्यंत शाळा आणि दीड एकराच्या आसपास जमीन एवढीच त्यांची सामग्री. १९८३ मध्ये आपल्या शेतात 'पटेल ३' या वाणात त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षे निवड करीत वाण स्थिर केले. ते दूरवर पसरले. १९९० च्या सुमारास त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळाले. निवडणाऱ्याचे नाव त्या पोत्याबरोबर गेले नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने त्यांची दखल घेतली, तेव्हा नाव सर्वत्र झाले. ३ जून २०१८ रोजी ते गेले. विपन्नता शेवटपर्यंत सुटली नव्हती.

शेतातल्या हजारो लोंब्यांत तीन वेगळ्या दिसणे म्हणजे काय, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आपण साहित्याचे लोक ज्याला सूक्ष्म वाचन म्हणतो, ते याहून निराळे नसावे. मात्र आपल्या वाचनाखाली आपले नाव छापून येते.

जूनच्या मध्यावर परे टाकलेले पाहून आम्ही नागभीडहून नागपूरच्या छोट्या गाडीत बसलो. नॅरोगेजवरची ती गाडी इतक्या संथपणे जाई, की खिडकीतून माणसांचे चेहरे ओळखता येत. २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी तो मार्ग बंद झाला. नागपूरहून आम्ही यवतमाळच्या घरी गेलो. तेथे आबांनी, म्हणजे आमच्यातल्या एकीच्या वडिलांनी, अंगणातच विचारले, "काय वं, आठ रोजात शेती शिकून आली काय?" विचारण्यात राग नव्हता, थट्टा होती, आणि थट्टेखाली आणखीही काही होते. त्यांनी सावकाराचे कर्ज काढून बियाणे आणलेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्या मागे सरकी टोबत निघालो. छावणीत काम करताना आम्ही गाणी म्हणायचो. इथे कोणी गात नव्हते. सारे आभाळाकडे पाहत होते.

त्या दोन शिवारांमधल्या अंतराने आमचे वाचन बदलले. सदानंद देशमुखांची 'बारोमास' वर्षभरापूर्वीच, २००२ मध्ये, प्रसिद्ध झाली होती. तिच्यातला एम.ए. झालेला, नोकरी नसलेला, शेतात अडकलेला एकनाथ आम्हांला आता पात्र वाटेना. तो आमच्या वर्गातल्या मागच्या बाकांवर बसत होता. आनंद यादवांच्या 'गोतावळा'तल्या नारबाचे जग ट्रॅक्टर आल्यावर उसवते, ते आम्ही आधी संवेदनशीलतेचे उदाहरण म्हणून वाचले होते. आता त्यात एका गड्याच्या हातचे काम जाणे स्पष्ट दिसू लागले. आणि महात्मा फुल्यांचा १८८३ मधला 'शेतकऱ्याचा असूड' पुन्हा उघडला, तेव्हा शेतकऱ्याच्या कष्टाची स्तुती करण्यापेक्षा त्याच्या लुटीचा हिशेब मांडणे त्यांना का महत्त्वाचे वाटले असावे, हे आबांच्या कर्जामुळे कळले. तीनच वर्षांनी, २००६ मध्ये, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले. त्यांत यवतमाळ होते. आबा तगले, त्यांच्या धुऱ्याला लागून असलेल्या शेतातला माणूस तगला नाही.

आज आम्ही दोघी विदर्भातल्या दोन महाविद्यालयांत शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरांना मुलांबरोबर जातो. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान झाल्यानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, आपण सात दिवस माती उचलली की तो संस्कार, आणि माझी आई रोज उचलते ते नशीब, असं का?" सभागृह शांत झाले. व्याख्याते हसून दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. आम्हांला तसे वळता आले नाही, कारण हा प्रश्न आबांच्या अंगणातलाच होता.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्याशी जे बोललो ते असे. छावणीतला श्रम निवडलेला असतो, त्याला परतीची तारीख असते. तिच्या आईच्या श्रमाला ती नाही. मराठीत 'मोल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, किंमत आणि मजुरी. मोलमजुरी करणाऱ्याला मोल कमी आणि श्रमाच्या मोलावर व्याख्यान मात्र भरपूर, ही आपल्या समाजाची रीत आहे. ज्यांनी कधी माती उचलली नाही त्यांच्यासाठी छावणी आवश्यक आहे, निदान त्या ओझ्याचा अंदाज यावा म्हणून. जे रोज उचलतात त्यांना संस्काराची गरज नाही; त्यांना भाव हवा, पाणी हवे, आणि नको असेल तेव्हा हे काम सोडण्याची मुभा हवी. मुलगी ऐकत होती. तिचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावरची रांग तिने लावली, आणि दमलेल्या शहरी मुलांना सावलीच्या बाजूला घेतले.

आमच्यात त्या उन्हाळ्याने काय वाढले, असे कोणी विचारले तर धैर्य, आत्मविश्वास ही ठरावीक नावे आम्हांला घेता येत नाहीत. वाढले ते लक्ष. आणि लक्ष देणाऱ्याला मागे राहावे लागते, हे मान्य करण्याची तयारी. वर्गात तास घेताना आम्ही त्या दुसऱ्या तासाचा, नांगराच्या तासाचा, अर्थही मनात बाळगतो.

अलीकडे ग्रामीण साहित्याच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही मुलांना घरच्या कामाचे शब्द लिहून आणायला सांगतो: शेतीचे, सुतारकामाचे, विटभट्टीचे, जे असेल ते. यंदा एका मुलाने ३१ शब्द आणले. बैलगाडीच्या जुवाच्या भागांची नावे होती, कोणत्या मातीला काय म्हणतात ते होते, आणि शब्दकोशात आम्हांला न सापडलेले चार शब्द होते. वहीच्या शेवटी समास सोडून त्याने ठळक अक्षरांत 'माहिती देणारे' असे लिहिले होते आणि त्याखाली वडिलांचे पूर्ण नाव. नाव लिहायला आम्ही सांगितलेले नव्हते.