राणीछाप रुपये

आमच्या वसईच्या घरी लक्ष्मीपूजनाला चौरंगावर अकरा राणीछाप रुपये मांडतात. ते आजीच्या वेळचे. गेल्या वर्षी चांदीचा भाव ऐकला आणि माझ्या मनात आले, हे आटवून नातीला पैंजण करावेत. सौ. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग मुलाने अमेरिकेला बोलावले. सुकेळ्यांची पुडकी घेऊन आम्ही डेन्व्हर गाठले. एका रविवारी त्याने आम्हांला लेडव्हिल नावाच्या डोंगरातल्या जुन्या गावी नेले. गाव दहा हजार फुटांवर! समुद्रकाठच्या वसईकराला चार पावलांतच धाप लागली.

तिथे एका जुन्या शाळेत खाणकामाचे संग्रहालय आहे. आत खाणीचा बोगदा हुबेहूब उभारला आहे. तो खोटा हे ठाऊक असूनही सौ.ने माझा सदरा घट्ट धरला होता.

१८७९ च्या सुमारास या गावात चांदीसाठी झुंबड उडाली. होरेस टेबर नावाचा दुकानदार दोघा खाणकऱ्यांना शिधासामान देऊन भागीदार झाला आणि बघता बघता कोट्यधीश बनला. १८९३ मध्ये सारे बुडाले.

"बाबा, त्यात आपलाही हात होता," मुलगा म्हणाला.

तोवर कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टाकसाळीत जावे आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने ती बंद केली. एवढे मोठे गिऱ्हाईक गेले. भाव कोसळला, इथल्या खाणींना टाळी लागली. नोव्हेंबरात अमेरिकेनेही सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द केला.

टेबर १८९९ मध्ये वारला. त्याची बायको, लोक तिला बेबी डो म्हणत, पुढे 'मॅचलेस' खाणीशेजारच्या खोपटात राहिली. खाण पिकेना, बाई हलेना. १९३५ च्या मार्चमध्ये तिथेच तिचा गोठलेला देह सापडला. आम्ही ते खोपट पाहून आलो.

"काय हा हट्ट!" मी म्हणालो.

"तुमच्या आजींसारखा," सौ. म्हणाली.

मी गप्प झालो. घरात तांदूळ नव्हता त्या वर्षी आजीने हातातल्या पाटल्या मोडल्या, पण ते अकरा रुपये मोडले नाहीत. का, ते तिला कोणी विचारले नाही. मीही नाही.

परत आल्यावर चष्मा लावून रुपयांवरची साले वाचली. सगळे टाकसाळ बंद होण्याआधीचे. कुठल्या डोंगरातली चांदी, कोण जाणे! पुसून पुन्हा डबीत ठेवले.

पैंजण नवेच घेतले. काय भावाने, ते विचारू नका.